टॅमरॅक नदीतली गाईंची माळ

डोंगरापलीकडच्या व्यापारी किल्ल्यावरून दुभत्या गाई वासरांसकट घ्यायच्या आणि बर्फाने वाट बंद व्हायच्या आत वस्तीवर आणायच्या, एवढंच काम होतं. ऐकायला किती सोपं! पण मध्ये होतं निबिड अरण्य, एक खिंड आणि पावसाने फुगलेली टॅमरॅक नदी.

स्कॉटलंडच्या स्काय बेटावरची काही कुटुंबं आदल्या वर्षी रॉकी पर्वताच्या पश्चिमेला येऊन वसली होती. यंदा बटाटे जमिनीतच कुजले आणि ओटच्या पिठाने तळ गाठला. मोठी माणसं कशीबशी तग धरत. हाल होते ते पोरांचे. मोरागला ताप आला आणि तिचं दूध आटलं. तिची तान्ही बेथाग शेजारणीच्या हातची पातळ पेज पिऊन दिवसेंदिवस वाळत चालली होती. नवऱ्याचा पाय झाडाखाली सापडून मोडलेला. तेव्हा मोरागने लेकीला शेजारणीच्या ओटीत घातलं, डोळे पुसले आणि बापाबरोबर निघाली.

बाप म्हणजे टॉर्किल. स्कायच्या अरुंद सामुद्रधुनीतून गुरं पोहवत पल्याड नेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे! तिसरा होता फेलिम, आयर्लंडच्या किनाऱ्यावरून आलेला, सापळे लावून जनावरं धरणारा शिकारी. माणूस कष्टाळू, पण जिभेला हाड नाही.

जाताना सगळं ठीक झालं. परतताना खिंडीत अस्वलाने गुरं उधळली, ती गोळा करण्यात वेळ गेला, आणि नदीकाठी पोचतात तो मागचे सुळके पांढरे झालेले! किल्ल्यावरच्या सेलिश जमातीच्या वाटाड्याने बजावलं होतं, पावसानंतर नदीत झाडं वाहत येतात, पाणी उतरेपर्यंत थांबा. पण थांबायचं कसं? आज ना उद्या बर्फ इथवर उतरणार होतं.

फेलिमने त्याच्या गावाकडच्या रीतीने विलो झाडाच्या लवचीक फोकांचा सांगाडा बांधला, त्यावर हरणाची कातडी ताणून चरबी चोपडली. होडी तयार झाली.

"ही तरंगेल ना रे?" टॉर्किलने विचारलं.

"म्हातारबा, माझा आजा असल्याच होडीत जन्मला."

"आणि मेला कुठे?"

"तेही तिच्यातच. पण म्हातारा होऊन!"

टॉर्किलने गाईंची माळ बांधली. एकीच्या खालच्या जबड्याला दोर, त्याचं दुसरं टोक पुढचीच्या शेपटीला. अशा चार गाई एकामागे एक, आणि पहिलीचा दोर होडीत मोरागच्या हाती. वासरं आणि उरलेल्या गाई फेलिमपाशी काठावर राहिल्या. बर्फासारख्या पाण्यात होडी सुटली. टॉर्किल दमदार वल्ही मारत होता. गाई फुरफुरत मागे येत होत्या. अर्धं पात्र पार झालं. म्हाताऱ्याचा चेहरा तरुण पोरासारखा खुलला.

"बाबा! लाकूड!"

भलामोठा ओंडका गर्रकन वळून शेवटच्या गाईवर आदळला. गाय बुडाली! तिच्या ओझ्याने तिसरी खाली ओढली गेली. मग दुसरी. होडीची कड पाण्याला टेकली.

मोरागने सुरी उपसली.

"दोर कापू नकोस!" टॉर्किल ओरडला. "सुटलेली गाय म्हणजे गेलेली गाय!"

समुद्रावर ते खरंच होतं. पण मोरागपुढे आता समुद्र नव्हता. तिने हातातला दोर कापला. होडी गिरकी घेऊन माळेच्या अंगाला आली. ती कमरेपर्यंत बाहेर झुकली. एक दोर तुटला! दुसरा तुटला! तिसऱ्यासाठी तिने श्वास कोंडून पाण्यात डोकं घातलं, चाचपडत गाठ शोधली आणि कापली. चौथी गाय मात्र ओंडक्यासोबत दिसेनाशी झाली.

उरलेल्या तिघी वर आल्या, शिंकरल्या आणि चक्क मागे फिरल्या! ज्या काठावरून निघाल्या, त्याच काठाला लागल्या.

"संपलं," होडी परत काठाला लावताना टॉर्किल म्हणाला.

मोराग मात्र गाईंकडे टक लावून पाहत होती. त्या ओल्याचिंब अंगाने आपापल्या वासराला चाटत होत्या.

"बाबा, त्या पळाल्या नाहीत. लेकरांकडे गेल्या. आधी वासरं पलीकडे नेऊ. गाई मोकळ्याच येतील."

"मोकळ्या? स्कायच्या कुठल्याही गुराख्याने आजवर..."

"तिथलं पाणी भरती-ओहोटीच्या मध्ये थांबतं, बाबा. हे थांबतच नाही. तुम्ही ओहोटीची गाठ नदीत बांधलीत."

टॉर्किलने त्या भरधाव पाण्याकडे पाहिलं. मग त्याने एक वासरू उचलून होडीत ठेवलं.

खेपांवर खेपा झाल्या. मेलेल्या गाईचं वासरू सर्वांत शेवटी, फेलिमबरोबर गेलं. पलीकडे मोराग वासरांपाशी उभी राहिली. भुकेली वासरं हंबरली. अलीकडच्या काठावर गाईंचे कान टवकारले, पण एकही हलेना. आपलंही लेकरू असंच रडत असेल, असं मोरागच्या मनात आलं.

मग एका तांबड्या गाईने पाण्यात उडी घेतली! तिच्यामागे दुसरी, तिसरी, सगळ्याच! प्रवाहाने त्यांना खूप खाली नेलं. एक ओंडका आला. मोकळ्या गाई त्याला वळसा घालून निघाल्या. खालच्या वळणावर एकेक करत त्या रेतीवर चढल्या आणि आपल्या वासरांकडे धावत सुटल्या. मोराग मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. फेलिम होडीतूनच आरोळ्या ठोकत होता.

वस्तीवर पोचले तेव्हा भुरभुर बर्फ पडत होतं. मोरागने आधी तांबडीची धार काढली. शेजारणीच्या हातातली बेथाग आईला ओळखेना, पण कोमट दुधात बुडवलेली चिंधी तिने अशी काही ओढली की सोडीचना!

बाहेर जुने गुराखी टॉर्किलभोवती जमले होते. पोरक्या वासराचा भार अजून त्याच्या खांद्यांवर होता.

"एवढ्या पाण्यातून कशी आणलीस रे? किती गाईंची माळ केली होतीस?"

आत मोरागचा हात थांबला.

"माझ्या माळेने एक गाय बुडवली," टॉर्किल म्हणाला. "बाकीच्या मोरागने आणल्या. म्होरकी ती होती. मी नुसती वल्ही मारली."