चौथ्या ओळीतली रेघ

माझ्या तीनशे बारा पूर्वजांचे एका क्षणात चौकोन झाले!

नाव नाही, गाव नाही. नुसते रिकामे चौकोन, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा सुटून पडद्यावर शेवयांसारख्या पसरलेल्या. इंदापूरला एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी माउस धरून थिजले होते. बाहेर पाऊस कोसळत होता.

मी कळसची राजलक्ष्मी. भवानीनगरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. हसू नका हं. दुसऱ्याला शिकवणं वेगळं आणि स्वतःवर बेतणं वेगळं. त्यातून मी जन्माची भित्री. आणि आप्पांना तर आमची अख्खी भावकी घाबरते. आप्पा म्हणजे माझे चुलत आजोबा. महिनाभर बसून त्यांनी घराण्याची वंशावळ सांगितली, मी ती आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडली. कुलसंमेलनात मोठ्या पडद्यावर दाखवायची म्हणून कॉपी करून स्लाइडवर चिकटवली. चिकटवली मात्र...

"मेन लाइन ठीक आहे," मागून आवाज आला. "पण बारक्या नळ्या सगळ्या निखळल्यात. आणि व्हॉल्व्ह कुठंय?"

मी दचकून मागं पाहिलं. एक तरुण. केसांतून पाणी निथळतंय, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले नकाशे, आणि नजर माझ्या पडद्यावर.

"कसला व्हॉल्व्ह?"

"ठिबकचा नकाशा आहे ना हा?"

"ते माझे खापरपणजोबा आहेत!"

तो कानापर्यंत लाल झाला. "माफ करा... मला वाटलं, पाण्याची टाकी आहे."

मला रडू येत होतं, पण हसूच फुटलं. इंद्रजित त्याचं नाव. शेळगावचा. शेतकऱ्यांना ठिबक सिंचनाचे नकाशे काढून द्यायचा आणि छापायला या दुकानात यायचा. न विचारताच त्यानं शेजारची खुर्ची ओढली. "सरका जरा. ही रडकथा माझी रोजची आहे."

त्यानं दुकानातल्या मशीनवर मराठी फाँट टाकला आणि माझे पूर्वज एकेक करून नावासकट परत आले. मग सुटलेल्या रेघांची टोकं चौकोनांना जोडली, सगळं निवडून ग्रुप केलं. त्याची बोटं लांब होती. म्हणजे... माझं लक्ष कीबोर्डकडंच होतं.

"झालं की मॅडम! आता का चेहरा पडला?"

"रेघा," मी म्हणाले. पडद्यावर बोट ठेवलं. "सगळ्या सलग झाल्यात."

त्याला समजावून सांगावं लागलं. आमच्या वंशावळीत सलग रेघ म्हणजे भावकी, एका रक्ताची माणसं. तुटक रेघ म्हणजे सोयरे. लेकी दिल्या ती घरं, बहिणींची मुलं. स्लाइडवर येता येता प्रत्येक तुटक रेघ सलग होऊन बसली होती.

इंद्रजितनं शीळ घातली. "म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरनं सगळ्या मेव्हण्यांचे भाऊ केले! आणि ज्यांची लग्नं झालीत त्यांचं काय करायचं?"

"चेष्टा नका करू. आप्पा मला उभी चिरतील."

"मग फोटो म्हणून चिकटवा. मूळ आहे तसं दिसेल."

"आप्पांना एकेक शाखा क्लिक केल्यावर उगवायला हवीय."

"मग एकच उपाय. हातानं. एकेक रेघ." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. "मूळ कागदावरून मी वाचतो, तुम्ही बदला. संमेलन कधी?"

"अकरा दिवसांनी."

"मग घाई नाही," तो म्हणाला. इतका खूश कशानं झाला, देव जाणे.

रोज दुपारी क्लास सुटला की मी इंदापूरची एसटी धरायची. तो आधीच येऊन बसलेला असायचा. मूळ आकृतीच्या छापील कागदावर बोट ठेवून वाचायचा, "सलग... सलग... तुटक." मी बदलत जायची. मधे चहा. एकदा त्याच्या कपातला चहा चुकून मी प्यायले आणि तो म्हणाला, "असू दे, मलाही तुमचाच गोड लागतोय." त्या दिवशी घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

एका दिवसात साठ रेघा सहज झाल्या असत्या. आम्ही पंधरा करायचो. दोघांनाही हिशेब कळत होता, पण बोलणार कोण?

सहाव्या दिवशी तो वाचता वाचता थांबला.

"पुढं?" मी विचारलं.

त्याचं बोट चौथ्या ओळीवर होतं. "हैबती. शेळगावला गेले," त्यानं वाचलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "शेळगावात हैबती एकच होऊन गेला. आमचे पणजोबा. ते कळसहून आले एवढंच घरात ठाऊक आहे."

"आणि रेघ?"

मी कागद ओढून घेतला. आप्पांच्या वडिलांच्या शेजारी, भाऊ म्हणून, हैबती. वरून खाली आलेली रेघ ठसठशीत सलग.

म्हणजे आम्ही एकाच भावकीतले. आडनावं वेगळी होती आमची, पण त्याचा काय भरवसा? आमच्यात गाव बदललं की आडनाव बदललेली चार घरं मीच त्या वंशावळीत मांडली होती. एका भावकीतली माणसं म्हणजे भाऊ-बहीण. तिथं लग्नाचं नाव काढलं तरी लोक तोंडात शेण घालतात. आणि हो, लग्नाचं नाव कुणी काढलंच नव्हतं. पण माझ्या मनात ते जाऊन बसलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. कळायला वेळ तरी कसली मेली!

"पाऊस येईलसं दिसतंय," इंद्रजित उठत म्हणाला. बाहेर लख्ख ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

मी आप्पांना विचारलं. सरळ विचारायची छाती नव्हती, म्हणून चहा देता देता, सहज विचारल्यासारखं. "आप्पा, हैबती आपल्या भावकीतलेच ना?"

"म्हंजे काय? माझा चुलता त्यो!" आप्पांचा चेहरा एकदम मऊ झाला. "म्या चार वर्साचा आसंन. खांद्यावर बसवून मला बाजाराला न्यायाचा. पुढं शेळगावला गेला, त्यो वारल्यावर त्या घराशी येनंजानं तुटलं. का गं?"

"काही नाही. रेघ तपासत होते."

मी कपबशी उचलून आत गेले.

त्या दुपारी क्लासमधली मुलं गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. चौथी ओळ. हैबती. रेघेवर क्लिक केलं, यादी उघडली, तुटक निवडलं. झालं! एवढंसं काम. तीनशे बारा नावांत कोण बघणार होतं? आप्पांची नजर अधू, बाकीच्यांचं लक्ष जेवणावर. ती तुटक रेघ मी डोळे भरून पाहिली... आणि घाम फुटला. उद्या खरंच सलग निघाली तर? मी कुणाच्या घरात, कोण म्हणून नांदणार होते? पटकन परत सलग केली. मग परत तुटक. मग परत सलग. खोटं सांगत नाही, आठ वेळा केलं असेल.

खरं सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. गोजरबाई, आप्पांची थोरली बहीण, नव्वदीची. शेळगावलाच दिलेली. तिच्याकडं जायचं म्हणजे उत्तर कायमचं कळणार. न जावं तर निदान आशा तरी राहते, असं मन सांगत होतं. स्टॉपवर उभी राहून मी शेळगावची एक एसटी जाऊ दिली. दुसरीही जाऊ दिली. तिसरीत कुणीतरी मागून ढकललं म्हणून चढले.

गोजरआजी अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी टेकले, पाणी प्यायले, आणि विचारलं. विचारलं म्हणजे काय, घशातून नुसती चिमणी बोलावी तसं काहीतरी आलं.

"हैबती? चुलता?" ती शेंग हातातच धरून हसायला लागली. "आप्पाला काय कळतंय? शेंबडा हुता त्यो तवा! हैबतीची आई म्हंजे आमच्या आज्याची बहीन. भर जवानीत नवरा गेला, तान्हं पोर घिऊन माहेराला आली. हैबती मामाच्या घरात वाढला. आप्पा जलमला तवापून त्येला घरातच बगतुया, म्हून काका म्हनायचा. पुढं त्येच्या बाची जमीन मोकळी झाली तवा शेळगावला आला. माझं लगीन बी त्येनंच जमिवलं हितं."

"म्हणजे... भाचा?"

"भाचा न्हाय तर काय! आन आपल्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क आस्तुया." आजीनं डोळे बारीक केले. "आता सांग, कोन हाय? त्यो ठिबकवाला पोरगा का? आमच्या वावरात त्येनंच नळ्या टाकल्यात. गुनाचा हाय."

मी मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी का येत होतं, माझं मलाच कळत नव्हतं.

"त्यो काय म्हनतुया?"

"काहीच म्हणाला नाही."

"आगं बया! आन तू कुळ शोधत फिरतीयास व्हय?" आजी शेंगांवर हात मारून हसली. "येडी का खुळी!"

परतीच्या वाटेवर नवी भीती. खरंच, तो काही म्हणालाच नव्हता की. आणि त्याच्याही आधी आप्पा होते. त्यांच्या खांद्यावरच्या काकाला मी सोयरा करायला निघाले होते.

संध्याकाळी लॅपटॉप समोर ठेवून सगळं सांगितलं. आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी हैबतीचा चौकोन शोधला.

"म्हंजे काका माझा न्हवता," ते म्हणाले.

"आप्पा, रेघ आहे तशी राहू दे का?" मी हे म्हणाले आणि जीव मुठीत धरला. ते 'राहू दे' म्हणाले असते तर संपलंच होतं.

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "न्हाय. खरं आसंल तेच दाव. पर म्या काकाच म्हननार. माझं मला कोन आडवतंय?" मग दारापर्यंत जाऊन वळले. "गोजराक्काचा फोन आल्ता. पोरगं शनिवारी इंदापुरात आस्तंय म्हनं."

शनिवारी दुकानात तो होता. पाठमोरा. झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. मला बघून त्यानं नकाशे आवरायला घेतले.

"बसा," मी म्हणाले. पेन ड्राइव्ह लावून मी चौथी ओळ उघडली.

तुटक रेघ बघून तो पांढराफटक पडला. "तुम्ही बदललीत?"

"बदलली."

"नको, राजलक्ष्मी." पहिल्यांदाच नावानं हाक मारली त्यानं. "असं नको. ती पहिल्यासारखी करा."

"गोजरआजीनं सांगितल्यावर बदलली. आप्पांना दाखवून बदलली. तुमचे पणजोबा आमचे भाचे होते, इंद्रजित. मामाच्या घरी वाढलेले."

तो मटकन खुर्चीत बसला.

"मी पण केली होती," मग तो म्हणाला. "घरी नेलेल्या कॉपीत. मंगळवारी तुटक केली, सेव्हसुद्धा केली. जेवायला बसलो तर घास उतरेना. दुसऱ्या दिवशी उठून परत सलग केली. म्हणून आलो नाही... परत हात गेला असता. वडलांना विचारायचीही हिंमत झाली नाही. वाटलं, व्हय म्हणाले तर?" त्यानं वर पाहिलं. "खोट्या रेघेवर तुला मागायला कसा येणार होतो?"

तुला म्हणाला. मी ऐकलं.

"आणि खऱ्या रेघेवर?"

"उद्या संमेलनात येतो. आप्पांना विचारतो."

"आप्पांचं नंतर बघू. मला कोण विचारणार?"

तो लाल झाला, कानापर्यंत. गिऱ्हाइकांकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं, मग खुर्ची जवळ ओढून, अगदी हळू... विचारलं.

"काय? मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. दुकानदारानं मशीन बंद केलं. सगळं दुकान आमच्याकडं बघत होतं.

ऐकू आलं होतं हो मला पहिल्या वेळीच.