आबाजी चिताऱ्यानं न काढलेले डोळे

जवळ सरकून बसा. कीर्तनात बसतो तसं, गुडघ्याला गुडघा लावून. आज जे सांगतो ते घडलेलं आहे. रामाची शपथ. माझे वडील सोपान तिथं पेटीवर होते.

१९३६ ची रामनवमी. पळसदेव.

रात्र नव्हती हो. भर दुपार. बारा वाजायला थोडाच अवकाश होता.

आबाजी चितारी भीमेच्या काठी राहायचा. कोळ्यांच्या होड्यांवर मासे, लग्नघरच्या भिंतींवर हत्ती, पालखीवर मोर, सगळं त्याच्या हातचं.

मान एकच मागायचा. देवाचे डोळे शेवटी काढायचे, उपाशीपोटी, पडद्याआड. आणि त्या दिवशीच्या कीर्तनात बुवांनी त्याचं नाव एकदा घ्यायचं.

बस. एवढंच.

त्या वर्षी राममंदिराच्या भिंतीवर त्यानं रामदरबार काढला. चार महिने खपला. फक्त डोळे राहिले.

गावचा पाटील म्हणाला, "कीर्तनात नाव माझं घ्यायचं. भिंत म्या बांधली."

आबाजी हसला. "मग रामाचं डोळं बी तुमीच उघडा, पाटील."

चारचौघांत बोलला. पाटलाला झोंबलं. त्यानं कुंचल्यांची पिशवी उचलली आणि नदीच्या डोहात भिरकावली.

आबाजी तिच्यामागं उतरला...

वर आला नाही.

गाव काठावर उभं होतं. माझे वडीलही. कुणी पाण्यात उडी टाकली नाही. हे सांगताना मला आजही संताप येतो.

पाटलानं बारामतीहून दुसरा रंगारी आणला. नवमीच्या आदल्या दिवशी त्यानं डोळे रंगवले. चित्रावर पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. बायकांत आबाजीची बायको सारजा बसली होती, मोकळ्या कपाळानं. बुवा रंगात आले होते...

आणि पडद्याआडून आवाज आला.

टक... टक...

रंगाच्या करवंटीच्या काठावर कुंचला झटकावा तसा.

"उंदीर हाय," पाटील खेकसला. "चालू द्या, बुवा."

टक...

"पडदा वढा रं!" पाटील ओरडला.

पडदा सरकला. आत कुणी नव्हतं.

रामाला डोळे नव्हते. सीतेला नव्हते. मारुतीलाही... खरवडल्याची खूण नाही. नुसता कोरा चुना.

सारजा उठली. "आता तरी त्येंचं नाव घ्या. जन्माची येळ झाली."

तिला स्वतःला घेता येईना. नवऱ्याचं नाव ना!

"बुवा, माझं नाव घ्या म्हणतो न्हवं!" पाटील गरजला.

बुवांनी चिपळ्या उचलल्या. "आजच्या सेवेचे मानकरी, श्रीमंत..."

थांबले.

"श्रीमंत..."

ओठ हलले. शब्द नाही. त्यांनी वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी तोंड उघडलं... नाव नव्हतं! रोजच्या तोंडातलं नाव. मंडपात एकालाही आठवेना.

"आरं म्हणा की! मी..." पाटील बोलला, आणि तोही तिथंच अडला.

बायकोकडं वळला. "काय म्हनत्यात गं मला?"

तिनं ते जन्मात उखाण्यातच घेतलेलं. ती नुसती रडायला लागली.

एक शब्द पुरला असता. आबाजी. पाटलानं घेतला नाही. बुवांनी घेतला नाही. माझ्या वडिलांनीही नाही! ऊन माथ्यावरून सरकलं. पाळण्याची दोरी बायकांच्या हातात तशीच राहिली. त्या वर्षी गावात रामजन्म झाला नाही. कीर्तनावर जीव टाकणारा माणूस मी. हे कसं माफ करू?

पुढं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. पाटलाचं नाव सरकारी कागदावर आहे. मी स्वतः कचेरीत जाऊन वाचलंय. तीनदा. अक्षर स्पष्ट आहे...

कागदावरून मान वर केली की डोक्यातून जातं.

आत्ताही आठवत नाही. का, ते मला कळलेलं नाही.

तुम्ही एवढं करा. कुठल्याही देवळात रंगवलेली भिंत दिसली तर थांबा, आणि मोठ्यानं म्हणा, आबाजी चितारी.

माझ्या बापानं म्हटलं नाही. तुम्ही म्हणा.