खाली लोखंड, वर डामर

बाई आली तेव्हा भास्कर चुरी दाढी करत होता. एका गालावर साबण होता. तो तसाच राहिला.

"माजा घोव जीव देनारा नव्हता," ती दारातूनच म्हणाली. "तेवडं सिद्ध करून द्या."

रेल्वे पोलिसातली नोकरी सोडल्यापासून चुरी भाईंदर स्टेशनामागच्या या खोलीत राहून खासगी तपासाची कामं घेत असे. वामन म्हात्रे हा त्याचा मित्र. शाळामास्तर. सुटी लागली की इथेच पडीक. वामनने स्टूल पुढे केलं.

बाई बसली नाही.

बर्नडेट. उत्तनची. नवरा इनास, होड्यांचा सुतार. आठवड्यापूर्वी मुर्ध्याच्या मिठागरातल्या तळ्यात मेलेला सापडला. पाणी कमरेएवढं. शेजारी बांधावर हत्यारांच्या तीन पेट्या. एकावर एक, दोरीने नीट बांधलेल्या.

"त्या पेट्यांनी घात केला," ती म्हणाली. "फादर म्हनतात, पडला असता तर सामान पन पडलं असतं. कुनी मारला असता तर विस्कटलं असतं. नीट मांडून ठेवलं म्हंजे आपल्या मनानं गेला."

"आणि मनानं गेलेल्याला?"

"कबरस्तानाच्या भिंतीभाईर पुरतात."

ती भिंतीकडे बघत होती. चुरीच्या खोलीच्या.

"पोरगं आत हाय आमचं. दोन वर्सांमागं तापात गेलं. पोर आत नि बाप भाईर. मला तो आत पायजे सायब. बाकी कायपन नको."

"मुलगा गेल्यावर इनास कसा होता?"

"बोलत न्हवता. कामाला जायचा, जेवायचा, निजायचा. म्हनून तर समद्यांना लगेच पटलं."

"त्या सकाळी?"

"मुर्ध्याला परशुराम भोईराकडं दाराची चौकट व्हती. मीच पेट्या डोक्यावर दिल्या. लोखंडाची खाली, रंध्याची मधे, डामराची वर. त्याची रीतच ती. जड खाली असलं की मान डुलत न्हाय. डामर माज्या बोटांना लागलं, ते दोन दिवस गेलं न्हाय."

तिने बोटं पाहिली. स्वच्छ होती.

चुरीने दुसरा गाल तसाच सोडून तोंड पुसलं.

*

पेट्या.

बर्नडेटच्या पडवीत, गोणपाटाखाली. बांधावरून बैलगाडीने आणल्या तेव्हापासून दोरीला कुणी हात लावला नव्हता. जीव दिलेल्या माणसाच्या सामानाला गावात कुणी शिवत नाही. ती स्वतः तिकडे बघायचीही नाही. आताही दाराकडे पाठ करून उभी होती.

वामनने गोणपाट काढलं.

तिन्ही पेट्या एका मापाच्या. प्रत्येक झाकणावर दोन पट्ट्या, प्रत्येक बुडाला दोन खाचा. कुठलीही पेटी कुठल्याही पेटीवर खटकन बसायची. वरच्या पेटीच्या बाजूला एक खोबण होती, त्यातून वाकसाचा दांडा हातभर बाहेर आलेला. वाकस म्हणजे लाकूड तासायचं लोखंडी पात्याचं हत्यार. पेटीत मावत नसणार.

"उचलून बघ," चुरी म्हणाला.

वामनने उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "कलंडतंय रे. वरूनच ओढ आहे सगळी."

चुरीने दोरी सोडली.

वरच्या पेटीत वाकस आणि पटाश्या. आत लाकूड कोरून प्रत्येक हत्याराची जागा केलेली. रुंद पटाशी अरुंद खोबणीत कोंबून बसवली होती. मधल्या पेटीत रंधे. एक जागा रिकामी, मुठीएवढी गोल, तिला लांब शेपूट.

"इथे काय असायचं?"

"ठोकळा," बर्नडेट पाठमोरीच म्हणाली. "होडीच्या फटीत काथ्या ठोकायचा."

खालच्या पेटीत डामर, राळ, काथ्याचं वेटोळं. वेटोळं अर्धं संपलेलं.

"दाराच्या चौकटीला काथ्या लागतो?" चुरीने विचारलं.

"न्हाय."

"आणि हे वेटोळं?"

"आदल्याच दिवशी नवं आनलं व्हतं."

वामन म्हणाला, "किती व्यवस्थित माणूस होता."

चुरीने पेट्या होत्या त्याच क्रमाने परत बांधल्या.

*

परशुराम भोईर, मिठागराचा मालक, याची उत्तरं:

"दिवसभर वाट बघितली. घराचं दार उघडं टाकलं व्हतं, चौकट न्हाय म्हनून. बायको ओरडतेय, कुत्रा घरात शिरतोय. इनास आलाच न्हाय."

"भांडन? व्हय, झालं व्हतं. मागं त्याने खिडकी तिरकी बसवली. आता तुमी मला खिडकीपायी फाशी देनार?"

"तळ्याकडं यायला गावाकडनं एकच बांध. तो आमी त्याच दिवशी सकाळपासून चिखलानं लिंपत व्हतो. बायका, पोरी, मी सोता. कोन चाललं असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. कोनी चाललं न्हाय."

"खाडीकडनं? तिकडनं भरतीला पानी येतं. मानूस कुठनं येनार?"

*

बाळा, मिठागराचा राखणदार, ज्याला प्रेत दिसलं, त्याची उत्तरं:

"दुसऱ्या दिवशी सकाळी. पालथा पडलेला. मी आधी म्हनलो गोनपाट वाहून आलंय."

"लिंपन अजून ओलं व्हतं. पायाचं चिन्न? न्हाय सायब. बगळ्याचं व्हतं एक."

"पेट्या जशा व्हत्या तशाच गाडीत टाकल्या. मी तर दोन हात लांबच उभा. देव सुताराला सुखी ठेवो, पन मला पोरंबाळं हायत."

"भरती असली म्हंजे मिठाच्या होड्या, ते पडाव, पार बांधाला लागतात की. त्यात नवल काय?"

*

तिसरी उत्तरं उत्तनच्या किनाऱ्यावर मिळाली. कॅजिटन तांडेल. स्वतःचा लहान पडाव, मिठागरांतलं मीठ भाईंदरच्या बंदरात पोचवायचा. इनासच्या बरोबरीचा. एकाच वर्षी दोघांची लग्नं झाली होती. तो पडावात सामान भरत होता आणि वामन उगाच मदत करत होता.

"लय वाईट झालं. त्याला मीच उचलला, मीच पुरला. चार मानसं पन न्हवती. भिंतीभाईरच्या मयताला कोन येतंय?"

"त्या दिवशी मी राई गावात मीठ भरत व्हतो. एकलाच. गडी तापानं पडलेला."

"दिसला की! रस्त्यानं मुर्ध्याकडं चाललेला. लांबनं वळखला. डोईवर पेट्या, वरच्या पेटीतनं वाकसाचा दांडा भाईर. हाक मारली, त्याने बगितलं न्हाय. मन ठिकानावर न्हवतं त्याचं."

"अवो मास्तर! ती लोखंडाची पहार तळाला कुठं ठेवता? खाली पानी हाय, गंजंल ना! तो डामराचा डबा ठेवा तळाला, त्याला पान्यानं काय व्हत न्हाय. शाळेत काय शिकवता तुमी?"

"पानी? जुना पडाव हाय. थोडं येतंच."

वामनने पहार वर घेतली. डबा खाली ठेवला. हात काळे झाले.

*

परतताना वामन म्हणाला, "परशुराम. खिडकीचं भांडण, त्याचंच आगर, त्याचंच तळं."

"आणि स्वतःचा बचाव स्वतःच मोडला? कुणी बांधावरून आलं नाही, असं तोच सांगतोय. खुनी असता तर म्हणाला असता, सगळं गाव त्या बांधावरून येतं-जातं."

"मग बाळा. लांब उभा राहतो म्हणे."

"वामन, तुझे हात बघ."

"डामर आहे. जाईल."

"जाईल," चुरी म्हणाला.

*

ओहोटी. पडाव वाळूवर कलता बसलेला, रिकामा. ऊन.

फादर आंतोन छत्री धरून उभे होते. बर्नडेट छत्रीबाहेर. कॅजिटन पडावाच्या काठावर बसला होता, पाय लोंबकळत. चुरीने तिन्ही पेट्या वाळूवर आणून ठेवल्या होत्या.

"फादर, या पेट्या नीट ठेवल्या होत्या. बरोबर. पण कुणी ठेवल्या?"

"त्याच्या पेट्या. त्यानेच."

"इनास लोखंडाची पेटी खाली ठेवायचा. त्या सकाळी बाईंनी तशीच दिली. डामराची वर होती. बांधावर सापडल्या तेव्हा डामराची खाली आणि लोखंडाची वर. हा थर डोक्यावर घेऊन दहा पावलं चालवत नाही. वामनने उचलून पाहिलाय."

"मग?"

"मग तो डोक्यासाठी रचलेलाच नव्हता. होडीत रचतात तसा रचला होता. होडीच्या तळाला पाणी असतं. लोखंड वर, डामर खाली. हे मला कॅजिटननेच शिकवलं. म्हणजे वामनला."

कॅजिटनचे पाय हलायचे थांबले.

"आगरातली माणसं डोक्यावर ओझी नेतात," चुरी म्हणाला. "परशुराम असो, बाळा असो, जड खालीच ठेवतील. हे हात तांडेलाचे, होडीवाल्याचे. पटाशीची जागा त्याला माहीत नव्हती, म्हणून ती भलत्या खोबणीत कोंबली. पेट्यांचा क्रम मात्र त्याला विचार करावा लागला नाही. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता. त्याला आजही त्यात काही चुकलंय असं वाटत नाही."

फादरनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"तो म्हणाला, इनास रस्त्याने जाताना दिसला, वाकसाचा दांडा वरच्या पेटीतून बाहेर आलेला. पण घरून निघालेल्या थरात वाकस सगळ्यात खाली होतं. दांडा वर असलेला थर ज्याने रचला त्याने पाहिला, आणि नंतर बांधावर जे आले त्यांनी. रस्त्यावर कुणीच नाही."

"मयताच्या वेळी मी बांधावर व्हतो," कॅजिटन म्हणाला. "तवा बगितला असंल."

"तेव्हा पाहिलास आणि रस्त्यावर पाहिल्याचं सांगितलंस. ठीक. पुढे ऐक. बांध ओला होता, पाऊल नव्हतं. इनास चालत आलाच नाही. खाडीकडून आला. भरतीला तिथे पडाव लागतो. आणि मरण्याआधी तो काम करत होता. अर्धा काथ्या संपलाय, ठोकळा नाही. जीव द्यायला निघालेला माणूस वाटेत कुणाच्या होडीची फट बुजवत बसत नाही."

चुरी पडावात उतरला. तळावरच्या दोन सुट्या फळ्या त्याने उचलल्या. वामनला बोलावलं.

तळाच्या एका लांब फटीत नवा काथ्या ठोकलेला. पिवळा, कोरा. अर्ध्या फटीपर्यंत. पुढची फट काळी, उघडी.

वामनने पडावाच्या दोन लाकडी फासळ्यांच्या मधे हात घातला. खूप वेळ चाचपडला. मग बाहेर काढला. हातात लाकडी ठोकळा होता, लांब दांड्याचा.

बर्नडेटने तो पाहिला.

समुद्र बराच आत गेला होता.

"राईला हाक मारली त्याला," कॅजिटन म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं. "म्हनलो, मुर्ध्याला सोडतो, जाता जाता फट बुजव. तो म्हनला, आधी मीठ उतरव. भरलेल्या होडीच्या तळाला मी जानार न्हाय. मी म्हनलो, भरती जाईल. गोनी बाजूला सारल्या, जागा केली. तो पालथा झोपून ठोकत व्हता. लाट आली. गोनी सरकल्या. त्याच्या पाठीवर."

"तळाला पाणी होतं," चुरी म्हणाला.

"वीतभर. तोंड त्यातच."

"गोणी पाण्यात टाकायच्या होत्या."

"टाकत व्हतो."

"सगळ्या?"

कॅजिटन वाळूकडे बघत राहिला. "आधी वरच्या दुसरीकडं रचत व्हतो. भिजू नयेत म्हनून. मग टाकल्या. मग उशीर झाला व्हता."

"ओरडला?" बर्नडेटने विचारलं.

"न्हाय."

"न्हायच ओरडला असंल."

"पोलिसांत गेलो असतो तर पडाव गेला असता. तो तसापन बोलत न्हवता कोनाशी. म्हनलो, लोकांना पटंल. रातच्या भरतीला त्याला तळ्यात सोडला. बांधावर नीट ठेवल्या पेट्या. नीट दिसावं म्हनून."

"त्याला भिंतीबाहेर पुरतील, हे ठाऊक होतं?" फादरनी विचारलं.

"व्हतं."

"आणि तूच खड्डा खणलास."

"व्हय, फादर."

फादरनी छत्री मिटली. उन्हात त्यांचा चेहरा म्हातारा दिसला. "चूक माझीही झाली," ते म्हणाले. "उद्या त्याला आत आणू."

चुरी कॅजिटनला म्हणाला, "भाईंदरला फौजदार आहेत. माझ्याबरोबर चल."

"परवा न्या," बर्नडेट म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"उद्या खनायला कोन हाय? यानं पुरला, यानंच काडायचा. मग न्या कुठं न्यायचा तो."

*

सकाळी कॅजिटनने खणलं. एकट्याने. वामनने एकदा फावड्याला हात लावला तर त्याने हळूच बाजूला केलं. खालपर्यंत पोचल्यावर तो फावडं टाकून हातांनी माती काढू लागला. बर्नडेट काठावर उभी राहून बघत होती. वासाने वामन भिंतीपलीकडे जाऊन ओकला.

या वेळी माणसं आली. बरीच. ज्यांनी आठवडाभर तिच्या दारावरून जाताना रस्ता बदलला होता, ती सगळी. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले होते.

फाटकातून आत नेलं.

पोराच्या कबरीपाशी आल्यावर सगळे थांबले. तिच्या शेजारची जागा भरलेली होती. ताजी माती, ताजी फुलं. मागच्याच महिन्यात गेलेली इजाबेल म्हातारी तिथे होती. तिच्या पलीकडे जागा रिकामी होती.

फादर खजील झाले. "बर्नडेट, म्हातारीला हलवणं... तिच्या माणसांना विचारावं लागेल. वेळ लागेल."

चुरीने टोपी काढली होती, ती हातात फिरवत राहिला.

बर्नडेटने आधी पोराच्या कबरीकडे पाहिलं, मग रिकाम्या जागेकडे. मधे इजाबेल.

"ऱ्हाऊ दे तिला," ती म्हणाली. "लय बडबडी व्हती. त्या दोगांना ऐकायला तरी कायतरी व्हईल."

गर्दीत मागे कुणीतरी हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

बर्नडेट खाली बसली. आता तिला बसता आलं.