गोठ्यातला ठिपका

"पडद्यावर तुमची बहीण गोठ्यात दिसतेय, पण गोठ्यात ती नाही. तुम्ही आधी निघा," मुकादम फोनवर डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

त्या जनावरांच्या डॉक्टर. धाकटी बहीण चिमणी या दूध-कारखान्यात सेन्सर सांभाळायची. आईवडिलांच्या मागे दोघींना दोघीच होत्या. गाडी कशी चालवली, हे बाईंना नंतरही आठवलं नाही.

नियंत्रण खोलीच्या भिंतीवरच्या पडद्यावर सगळं एका जागी दिसायचं. गाईंच्या गळ्यातले पट्टे, दुधाची टाकी, पशुखाद्याच्या पत्र्याच्या उंच कोठ्या, माणसांच्या मनगटावरचे पट्टेसुद्धा. चिमणीचा हिरवा ठिपका गोठ्यात सावकाश सरकत होता. खाली लिहिलं होतं, ताप एकशे एक. एका कोपऱ्यात तिसऱ्या कोठीच्या हवेचा आकडा वरखाली उड्या मारत होता, पण ती कोठी रिकामी. रिकाम्या कोठीचे इशारे बंद ठेवायची इथली पद्धत, नाहीतर धुतल्यावर ती उगाच बोंबलत बसते.

"गोठा दोनदा पालथा घातला," मुकादम म्हणाला. बोलणं नेहमीसारखंच खेकसल्यागत, पण डोळे पडद्यावरून हलत नव्हते.

"शेवटचं कोणी पाहिलं?" मुकादमाने बोलावून घेतलेल्या फौजदारांनी विचारलं.

"मीच. जरा वाजलं आमचं. तिला रिकाम्या कोठीतला सेन्सर पुसायचा होता. मी म्हटलं, आधी गोठ्याचं बघ. फणकारली आणि गेली."

"म्हणजे भांडण झालं. मग कोठी बघितलीत?"

"बाहेरूनच. आत उतरताना मनगटाचा पट्टा काढून झाकणाशेजारच्या खुंटीला लावायचा, असा नियम आहे. खुंटी रिकामी होती, झाकण बंद होतं. म्हटलं, ती आत नाही."

फौजदारांनी मुकादमाचं नाव वहीत टिपून घेतलं.

तेवढ्यात दुधाची टाकी सांभाळणारे मामा आले. ते सगळ्यांचेच मामा. चिमणीला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. त्यांनी बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला.

"घाबरू नकोस, लेकरा. सकाळी मला भेटली ती. कपाळाला हात लावला तर चटकाच बसला. म्हटलं, घरी जा. पडली असेल चाऱ्यात कुठेतरी. टँकर एकदा भरून गेला की सगळी माणसं शोधायला लावतो."

बाई गोठ्याकडे धावल्या. वाटेत पाय घसरला म्हणून दुधाच्या टाकीतून येणारी नळी धरली. नळी कोमट लागली. बाईंच्या डोक्यात तेव्हा बहिणीशिवाय काहीच नव्हतं.

"चिमणे! ए चिमणे!"

गाई माना वळवून बघत राहिल्या. दूध काढायची घंटा झाली, तशा त्या सवयीने रांगेत निघाल्या. बाईंनी मोबाईलवर पाहिलं. ठिपकाही निघाला होता. रांगेत लागला, यंत्रापाशी गेला आणि थांबला. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

यंत्रापाशी एक काळी गाय निवांत रवंथ करत होती. तिच्या शेपटीच्या मुळाशी चिमणीचा पट्टा आवळून बांधला होता.

मग चिमणी कुठे होती? पट्टा ती फक्त एकाच ठिकाणी काढायची. बाईंना कोपऱ्यातला तो उड्या मारणारा आकडा आठवला.

"कोठी उघडा!" त्या किंचाळल्या. "तिसरी! आत कोणीतरी श्वास घेतंय!"

मुकादम पहार घेऊन पळाला. पंख्यांच्या घरघरीत आतून हाक आली असती तरी ऐकू गेली नसती. बाईंनी पुन्हा मोबाईल पाहिला. आकड्याच्या उड्या थांबल्या होत्या. नको, देवा, एवढं नको, असं त्या मोठ्याने म्हणत होत्या आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

झाकण निघालं. चिमणीला बाहेर ओढलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळाने छाती हलली, मग ती खोकली, आणि बाईंना रडू फुटलं.

"अरे देवा! कोणी केलं गं हे?" मामा धापा टाकत आले.

"मला दिसलं नाही," चिमणी कसंबसं पुटपुटली. "वरून झाकण पडलं."

फौजदारांनी मुकादमाचा दंड धरला. "सोडा त्याला," बाई म्हणाल्या. "मामा, सकाळी हिचं कपाळ तापलं होतं ना?"

"हो गं. चटका बसत होता."

"आता हात लावून बघा."

मामा मागे सरले. बाईंनी स्वतःच हात ठेवला.

"गार आहे. हिला ताप नव्हताच. एकशे एक म्हणजे धडधाकट गाईचं अंग. तुम्ही खुंटीवरचा पट्टा काढून गाईला बांधला, म्हणजे सगळे गोठ्यातच शोधत बसतील. मग पडद्यावर ताप दिसला आणि तुम्ही त्याला कपाळ जोडून दिलंत. हिला हात न लावता तुम्हाला चटका बसला कसा?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे गाय आडवी आली होती.

"आणि कारण?" फौजदारांनी विचारलं.

"टाकीची नळी कोमट आहे, साहेब. पडद्यावर काय दिसतंय ते बघा, आणि टाकीचा सेन्सर कुठे आहे तेही."

शिपाई जाऊन आला. पडद्यावर दूध गार दिसत होतं, पण सेन्सर टाकीमागे बर्फाच्या बादलीत बुडवलेला होता. थंड करणारं यंत्र कालच बंद पडलं होतं, आणि ते नासकं दूध लहान मुलांच्या पावडरीसाठी निघालं होतं.

"हिनं सकाळीच मला विचारलं, नळी कोमट का लागते," मामा खाली बसले. "फक्त टँकर जाईपर्यंत कोंडणार होतो. शपथ घेतो."

"झाकण हवाबंद आहे, मामा. तुम्हीच तिला शिकवलंत."

मामा मान खाली घालून पोलिसांच्या गाडीत बसले. सगळ्यांना मामा बनवून झालं होतं.

चिमणीने ताईचा पदर घट्ट धरला होता. "टँकर गेला?"

"नाही. थांबवला. तू बोलू नकोस."

"ताई, मी सेन्सरवर फुंकर मारत होते. मारायची, थांबायची, परत मारायची. म्हटलं, कोणीतरी बघेल." ती दमली, थांबली. "शेवटी फुंकायला दमच उरला नाही गं."

बाईंनी तिच्या नाकापाशी हात धरला. बोटांना ऊब लागत होती. ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.