सतरा नंबरचा नग

विपुल, पुण्याला सामान न्यायला गाडी ठरवलीस म्हणे. फोनवरच ना? माणूस पाहिला नाही, ट्रक पाहिला नाही... बरं. केळीला पाणी सोडायच्या मोटारीला लाइट यायला अजून तासभर आहे. टाक दोन काटक्या शेकोटीत आणि ऐक. लोटू, तू पण जवळ सरक.

नंदकुमार म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बँकेत आहे. खोटं बोलायची त्याला सवय नाही, भुताखेताची तर लहानपणापासून टिंगल करायचा. सात वर्षं रीव्याला नोकरी केली, आणि गेल्या वर्षी दिवाळीनंतर बदली होऊन बुऱ्हाणपूरला आला. लालबाग रोडच्या एका कॉलनीत तळमजल्याचं घर भाड्याने घेतलं. बायको गायत्री आणि सहा वर्षांची वैजू रावेरला थांबल्या, गायत्रीच्या माहेरी. सामान येऊन घर लागलं की दोघींनी यायचं, असं ठरलं होतं.

पण सामान येईना. सामान पोचवणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं, बंद गाडी, फक्त तुमचंच सामान, तिसऱ्या दिवशी दारात. चंदन नावाचा त्यांचा सुपरवायझर. तो चौथ्या दिवशी म्हणाला, "सर, गाडी सागर पार कर गई." सहाव्या दिवशी भोपाळजवळ टायर फुटला. आठव्या दिवसापासून त्याचा फोनच बंद. नंदकुमार एक चटई आणि एक बादली घेऊन राहत होता. रोज तोच शर्ट धुवायचा, तोच घालायचा.

नोव्हेंबरची सव्वीस तारीख, बुधवार. बँक सुटल्यावर तो शनवारा चौकात बल्ब आणायला गेला होता. तिथे अनोळखी नंबरवरून फोन आला. "साब, असीरगढ का घाट उतर रहा हूँ. रात में पहुँचूंगा, दिन में गाडी अंदर नहीं आने देते."

ट्रक आला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. बंद गाडी कुठली! वर ताडपत्री, आणि आत दुसऱ्या कुणाचं सामान ठेवल्याच्या खुणा. दोन हमाल उतरले. खोकी, पलंग, फ्रीज, भराभर आत टाकलं. ड्रायव्हर खाली उतरलाच नाही. खिडकीतून कागद पुढे केला. "गिन लो, साइन कर दो."

नंदकुमारने मोजलं. बेचाळीस नग. यादीतही बेचाळीस. त्याने सही केली.

मग त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं. कमरेएवढी एक वस्तू, गोणपाटात गुंडाळलेली, सुतळीने करकचून बांधलेली. वर चिकटपट्टीने नंबर लावलेला, सतरा. यादीत सतरा म्हणजे वैजूच्या कपड्यांचं खोकं.

"हे माझं नाही," तो ओरडला. "सतरा नंबरला कपडे होते!"

ड्रायव्हरने त्या वस्तूकडे पाहिलंसुद्धा नाही. "नंबर वही है ना, साब?" म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

नंदकुमारने गोणपाटावरून हात फिरवला. चाक लागलं. खाली लोखंडी पायडल. शिवणमशीन होती. त्याच्या घरात शिवणमशीन कधीच नव्हती. गायत्रीला साधं बटण लावायचा कंटाळा. त्याने चंदनला फोन लावला. बंद. मशीन पुढच्या खोलीत तशीच ठेवली, आतल्या खोलीत गादी टाकली आणि झोपला.

पावणेतीनला जाग आली.

खडखडखडखड... थांबलं. पुन्हा खडखडखड...

त्याला वाटलं, शेजारी कुणीतरी लग्नसराईचं शिवत असेल. पण आवाज भिंतीपलीकडचा नव्हता. तो उठून पुढच्या खोलीत गेला, दिवा लावला. आवाज बंद. गोणपाट तसंच, सुतळीची गाठ तशीच. चाकाच्या जागी त्याने हात ठेवला.

गोणपाट कोमट होतं.

गुरुवारी दुपारी चंदनने एकदाचा फोन उचलला. नंदकुमार म्हणाला, "अहो, माझ्या मुलीचं खोकं आलं नाही आणि दुसऱ्याची मशीन आली. तुमची वस्तू घेऊन जा."

"सर, गिनती बराबर है. साइन आपकी है."

"पण मशीन कोणाची? कोणीतरी शोधत असेल ना?"

"सर, हमारे रेकॉर्ड में कोई मशीन है ही नहीं," चंदन म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या रात्री पुन्हा पावणेतीन. नंदकुमार उठला नाही. रजई डोक्यावर घेऊन पडून राहिला. आवाज बराच वेळ चालला. मध्येच थांबायचा, कापड वळवायला बाई थांबते ना, तसा. मग टच्च... दाताने धागा तोडल्याचा आवाज. मग पुन्हा खडखडखड. ऐकता ऐकता कधी डोळा लागला, त्याला कळलं नाही.

सकाळी चादर घडी करायला ओढली. निघेना.

तो ज्या चादरीवर झोपला होता ती चारी बाजूंनी गादीला शिवलेली होती. पांढऱ्या धाग्याने. बारीक, सरळ, एकसारखी टीप. आणि रात्रभर तो त्याच गादीवर होता.

त्या दिवशी तो बँकेत गेला नाही. कंपनीचा कागद काढून पुन्हा वाचायला बसला. तेव्हा दिसलं, मागे दुसरा एक कागद चिकटून आलाय. त्याच ट्रकमधल्या दुसऱ्या घराची यादी. नाव पंकज, रीवा ते नेपानगर. खाली मोबाइल नंबर. यादीत शिवणमशीन नव्हती. तरी त्याने फोन लावला.

"पंकजभाऊ, तुमची शिवणमशीन चुकून माझ्याकडे उतरली आहे का?"

पलीकडून हळूच आवाज आला. "काळी? पायाची? डावीकडची फळी तुटलेली?"

नंदकुमारने गोणपाट बाजूला सारून पाहिलं. "हो."

"साहेब, ती आम्ही रीव्यात सोडून आलो होतो. भंगारवाल्याच्या हातगाडीवर मी स्वतः चढवली."

"मग इथे कशी..."

"माझी आई शिवायची. पोरींचे फ्रॉक. कमलबाईंचा फ्रॉक म्हटलं की अख्ख्या मोहल्ल्यात नाव होतं. नातीसाठी फ्रॉक शिवता शिवता मशीनवरच गेली. तो अर्धा राहिला. त्यानंतर रात्री..." तो थांबला. "साहेब, तुमच्या घरी लहान मुलगी आहे?"

"आहे. सहा वर्षांची."

"आमची पण सहाची होती."

"होती?"

"आता आम्ही दोघंच आहोत, साहेब. मशीन कुणाला देऊ नका. पाण्यात सोडा. आजच."

नंदकुमारने घड्याळ पाहिलं. साडेचार. शनिवारी वैजूला शाळेत दाखल करायचं, म्हणून गायत्री तिला घेऊन रावेरहून निघाली होती. बस सव्वासहाला पोचणार. फोन लावला तर गायत्री म्हणाली, "आम्ही बसलो पण गाडीत. वैजू खिडकीत बसलीये. का हो, काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "या."

नाक्यावर कडूची लोडिंग रिक्षा उभी असते. नंदकुमारने त्याला बोलावून आणलं. दोघांनी मशीन उचलली. कडू म्हणाला, "भाऊ, एवढी जड? आत काय कोणी बसलंय का?" आणि हसला. नंदकुमार हसला नाही.

राजघाटावर पोचले तेव्हा दिवस मावळला होता. तापीचं पाणी काळं दिसत होतं. मशीन उतरवताना कडू म्हणाला, "भाऊ, हे मागे काय लोंबू राहिलं?"

गोणपाटातून एक पांढरा धागा निघाला होता. रिक्षाच्या मागून. रस्त्यावरून. वळणापर्यंत गेलेला. वळणाच्याही पुढे. ज्या रस्त्याने ते आले होते त्याच रस्त्याने... मागे.

नंदकुमारने धागा बोटाला गुंडाळला. ओढला. तुटेना.

मग पलीकडून कोणीतरी ओढला.

एकदाच. हलकेच.

त्याच्या बोटाला कापलं. कडूने ते पाहिलं. त्याने रिक्षातल्या डब्यातून चाकू काढला आणि धागा तोडला. रस्त्याकडचं टोक सरसर मागे गेलं. धुळीतून, वळणापलीकडे. दिसेनासं झालं.

दोघांनी मशीन पायऱ्यांवरून ढकलली. बुडाली. बुडबुडे आले. थांबले. कडूने हात जोडले. भाडं घ्यायला तयार होईना.

नंदकुमार घरी आला तेव्हा दोघी दारात बसल्या होत्या. वैजू धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली. त्याने आधी दिवे लावले. सगळ्या खोल्या पाहिल्या. कपाटाच्या मागे पाहिलं. कुठे धागा नाही, काही नाही. गायत्रीला त्याने अवाक्षर सांगितलं नाही. खिचडी खाल्ली. वैजूला दोघांच्या मध्ये झोपवलं. दुसरी गादी, दुसरी चादर.

तो जागाच राहिला. बारा. एक. दोन.

पावणेतीन.

आवाज आला नाही.

तीन वाजले. चार वाजले. त्याने वैजूच्या छातीवर हात ठेवला. श्वास नीट चालला होता. मग कुठे त्याचा जीव भांड्यात पडला, आणि पहाटे त्याला झोप लागली.

सहा वाजता गायत्रीच्या हाकेने तो उठला. ती घाबरलेली नव्हती, चकित झाली होती. वैजू उभी होती, अर्धवट झोपेत, दोन्ही हात बाजूला पसरून. कुणीतरी सांगितल्यासारखी.

"हे तुम्ही केलंत का हो?" गायत्रीने विचारलं.

वैजूच्या पांढऱ्या गाउनवर निळ्या खडूच्या रेघा होत्या. खांद्यावर. बगलेखाली. कमरेला. गुडघ्याखाली. आणि पाठीवर, मानेच्या जरा खाली, शिंपी लिहितो तसे एकाखाली एक मापाचे आकडे.

गायत्रीने दुपारी मापाचा टेप आणून वैजूला लावला. एकही आकडा चुकला नव्हता.