डोक्यावरचा हात

माझी आणि त्याची ओळख झाली तेव्हा तो मरत होता, आणि मी एक चूक केली.

प्रदर्शन-केंद्राच्या चौथ्या दालनात पुठ्ठ्याचा किल्ला उभा होता. त्याच्या पायथ्याशी माझा हिरवा तंबू होता आणि तंबूपुढच्या गालिच्यावर एक उंच शिलेदार आडवा पडला होता. तलवार फोमची, चिलखत रंगवलेल्या रबरी चटयांचे.

"वैद्यबाई, घाई करा," तो क्षीण आवाजात म्हणाला, "डाव्या फुफ्फुसातून प्राण निघून चाललेत…"

हाताने मात्र त्याने उजवी कूस दाबून धरली होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. डावे-उजवे चुकलेले माझ्याच्याने पाहवत नाही. मी डोक्याला हात लावला.

त्याच क्षणी आजूबाजूचे युद्ध थांबले. दोन राक्षसांनी तलवारी खाली केल्या. एक चेटकीण धावत आली. "काय झालं? कुणाला खरंच लागलं का?"

मग मला आठवले. या खेळात प्रत्येकजण दिवसभर आपल्या पात्राच्या तोंडून बोलतो. पण डोक्यावर हात ठेवला की 'आता मी खेळाबाहेर आहे, हे माझे स्वतःचे बोलणे आहे' असा त्याचा अर्थ होतो. हा नियम माझ्या मावसबहिणीने सकाळी चिलखताचे पट्टे आवळता आवळता सांगितला होता. ती या सैन्याची सेनापती. तिची वैद्य तापाने आजारी पडली, म्हणून संमेलनाला मला ओढून आणले होते. "तुला काही करायचं नाहीये गं ताई. जखमीचं मनगट धरायचं आणि शंभर आकडे मोजायचे. मोजणं तुटलं तर तो मेला. एरवी तरी तू दिवसभर दुसरं काय करतेस?"

पडलेल्या शिलेदाराने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. "कुणाला काही लागलं नाही. माझं शरीरशास्त्र ऐकून बाईंनी डोक्याला हात लावलाय. चालू द्या!" हात काढून तो पुन्हा मरू लागला.

मी त्याचे मनगट धरले. जखमीने बोलावे, वैद्याने मात्र केवळ आकडेच उच्चारावेत, असा आणखी एक नियम होता. त्याने त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

"आपला हात फार थंड आहे, वैद्यबाई."

"सव्वीस."

"थंड हात चांगला असतो म्हणतात. ज्वर उतरतो… किंवा चढतो."

"सदतीस!" मी दटावले.

"इतक्या रागाने सदतीस म्हणणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं."

अडतीस म्हणताना मला हसू आवरले नाही.

तासाभराने तो पुन्हा आला, या वेळी मांडीत बाण घेऊन. मग खांद्यावर घाव. तोवर छतावरच्या वातानुकूलन यंत्रातून माझ्या तंबूवर पाणी टपकू लागले होते आणि आयोजकांनी कर्ण्यावरून 'राज्यात पाऊस सुरू झाला आहे' असे जाहीर करून हात झटकले होते. जखमी असूनही त्याने आपली ढाल माझ्या डोक्यावर धरली. त्या ढालीवर थेंब वाजत राहिले… टप्… टप्… आणि मी सावकाश मोजत राहिले. जरा जास्तच सावकाश.

जेवणाच्या सुटीत कॉफीच्या यंत्रापाशी तो रांगेत माझ्यामागे उभा होता. एका हातात पेला, दुसरा हात इमानदारीने डोक्यावर.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो," तो म्हणाला. "लोक अडकले की मला फोन येतो. दार उघडेपर्यंत बाहेरून बोलत राहायचं. काहीही. आवाज ऐकू आला की माणसाचा धीर टिकतो. तुम्ही?"

"मी लोकांचे गुडघे वाकवते. 'शेवटचे दहा' म्हणते, आणि ते झाले की आणखी दहा करून घेते."

"म्हणजे थापा मारता."

"उपचारापुरत्या."

आम्ही दोघेही हसलो. डोक्यावर हात ठेवून हसणारी दोन माणसे कशी दिसत असतील, कोण जाणे.

चौथ्या वेळी तो हसत नव्हता. मी साठ म्हटले आणि तो हलकेच बोलला, "हे युद्ध संपलं की मी तलवार टाकून देईन, वैद्यबाई. आपल्या तंबूशेजारी लहानसं घर बांधीन. आपण दिवसभराच्या थकून याल, तेव्हा दार उघडायला मी असेन… एवढंच."

"एकसष्ट," मी म्हणाले. "एक… बासष्ट."

त्याचा एक हात माझ्या हातात होता, दुसरा ढालीवर. डोक्यावर एकही नव्हता.

दोन वर्षांपूर्वी माझे ठरलेले लग्न मोडले. आठ महिने तो गृहस्थ फार सुंदर बोलत असे आणि शेवटी म्हणाला, "ते मी बोलण्याच्या भरात म्हणालो होतो." भांडण नाही, कारण नाही. त्या एका वाक्याने आठ महिने पुसले गेले. तेव्हापासून मी शब्दांना आधी उंबऱ्याबाहेर उभे करते. आणि आता पाच वाजता घंटा होणार होती. शिलेदार चिलखत उतरवून निघून जाणार होता, आणि ते दाराचे बोलणे नक्की कोणाचे होते, हे मला कधीही कळणार नव्हते.

"त्याच्यापायी माझी आघाडी फुटतेय!" मावसबहीण तंबूत येऊन कडाडली. "गेल्या वर्षी पठ्ठ्या तीन दिवसांत एकदाच पडला होता. आज चारदा! तुझ्या तंबूत असं आहे तरी काय?"

"गळकं छत," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे निरखून पाहिले. तिचा आवाज उतरला. "ताई, विचार त्याला."

"खेळात की बाहेर?"

"कुठेही विचार. पण विचार."

पाचला तीन मिनिटे असताना तो शेवटचा पडला, थेट किल्ल्याच्या दरवाजात. शंभर होताच तो उठला तर दरवाजा वाचणार होता. मी धावले, मनगट धरले. या वेळी तो डोळे मिटून पडून राहिला. त्याची नाडी माझ्या बोटांखाली माझ्या आकड्यांपेक्षा भरभर चालली होती.

"त्र्याण्णव… चौऱ्याण्णव…"

आणखी सहा, आणि तो तलवार घेऊन उठणार. त्यानंतर घंटा. मी थांबले. मोकळा हात उचलला आणि डोक्यावर ठेवला. सकाळी चुकून ठेवला होता, आता जाणूनबुजून.

"मी विचारतेय," मी म्हणाले. "वैद्यबाई नाही… मी. ते दाराचं कोण बोललं?"

मोजणे तुटले होते. म्हणजे तो मेला होता. शत्रू आम्हाला ओलांडून आत घुसले, पुठ्ठ्याचा बुरूज डुगडुगला आणि वरून सेनापतींचा टाहो आला, "ताईऽऽ! मोज ना गं! गेला माझा किल्ला!"

तो निपचित पडून होता. खेळात रमलेल्या माणसाला मी भलतेच विचारून बसले होते… हात खाली घ्यावा म्हटले, तोच त्याने डोळे उघडले. ढाल बाजूला सरकवली. आणि अगदी सावकाश, मला नीट दिसावे म्हणून, हात डोक्यावर ठेवला.

"मी," तो म्हणाला.

"लिफ्टमध्ये अडकलेल्यांशीही असंच बोलता ना? धीर द्यायला?"

"त्यांना एकच सांगतो, दार उघडेन." तो जराही हसला नाही. "आणि उघडतो. आजवर न उघडता परत गेलो नाही."

घंटा झाली. दालनभर टाळ्या, शिट्ट्या, मुखवटे उतरवण्याची धांदल. दारातले मेलेले एकेक करून उठले आणि पाणी शोधू लागले. आम्ही मात्र डोक्यावर हात ठेवून तिथेच बसलो होतो.

"आता हात खाली घेतला तरी चालेल," तो म्हणाला. "खेळ संपला."

मी हात खाली घेतला. दुसरा मात्र त्याच्या मनगटावरच राहिला. त्याने आधी त्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हे अजून सोडलं नाहीत… सोडलं नाहीस."

'सोडलं नाहीस'मधल्या त्या लहानशा 'स'पाशी तो अडखळला होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"मोजायचे राहिलेत."

"किती?"

"शेवटचे दहा," मी म्हणाले, आणि एकपासून सुरुवात केली.