खिडकीजवळचा पलंग

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आम्ही दोघं फेलो म्हणून लागलो. ‘रुग्णालय प्रशासन आणि नेतृत्व’ असं त्या फेलोशिपचं भारदस्त नाव. काम एवढंच, की संचालकांच्या मागं फिरायचं आणि ते विनोद करतील तेव्हा हसायचं. मी क्रांती, कोडोलीची, नर्सिंग सोडून आलेली. दुसरा शशिधर, गडहिंग्लजच्या अडत्याचा मुलगा. मे महिन्यात टाय लावायचा. गळ्याशी घामोळं उठलं तरी काढायचा नाही.

बायकांचा जुना वॉर्ड मोडून तिथं डीलक्स खोल्या काढायच्या, हा त्याचा प्रकल्प. वॉर्ड रिकामा झाला, पण खिडकीजवळच्या खाटेवर नेसरीची गौराबाई उरली. खुबा मोडलेला, न्यायला कुणी नाही. हलवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“बेड अडवून बसलीय,” शशिधर मला म्हणाला.

गौराबाईनं ते ऐकलं. “तम्मा, लेकरा, मला हितंच ऱ्हाऊ दे की. कडंला पडून ऱ्हाते. कुणाला तरास न्हाय.”

“घरी जाऊन आराम करा, आजी,” तो हसून म्हणाला. तसं हसायला त्याला कार्यशाळेत शिकवलं होतं.

त्याच दिवशी त्यानं तिला गावी धाडलं. निपाणीच्या अलीकडं, अँब्युलन्समध्येच ती गेली. संचालकांनी शशिधरची पाठ थोपटली. वॉर्ड वेळेत मोकळा झाला होता.

दिवाळीपर्यंत खोल्या तयार झाल्या. फुलाफुलांचे पडदे, एसी, रुंद पलंग. एका सकाळी शालूबाई आया मला बोलवायला आली. “बाई, आत्ता चादर घातली. पडदं सारून वळले, तर कोण लोळून गेलं?”

गौराबाईची खाट होती तिथलीच ती खोली. मी स्वतः चादर ताणली, दार ओढलं, बाहेर थांबले. पुन्हा उघडलं तर गादीत माणसाएवढा खळगा. हात ठेवला. एसीनं खोली गारठली होती, आणि तेवढीच जागा कोमट.

गादी खराब असेल म्हणून बदलून घेतली. फरक पडला नाही.

पहिला पेशंट कुरुंदवाडचा व्यापारी. एकटाच होता, अंगानं काटकुळा. दुसऱ्याच दिवशी त्यानं खोली बदलून मागितली.

“का हो?” मी विचारलं.

“पलंग अरुंद हाय की.”

शालूबाईला घेऊन त्या खोलीतच शशिधरला हे सांगितलं तेव्हा तो खो खो हसला. त्या दुपारी ट्रस्टी खोल्या बघायला यायचे होते. “खेडवळ लोक! यांना लीडरशिप काय कळणार?” असं म्हणत तो बुटांसकट पलंगावर आडवा झाला. “बघा. काय होतंय?”

काहीच झालं नाही. मग त्याचं हसू थांबलं.

त्यानं मान भिंतीकडं वळवली. बराच वेळ तिकडं बघत राहिला. मग पायानंच बूट काढून खाली टाकले.

“शशिधर, ऊठ. ट्रस्टी जिन्यात आलेत.”

“हळू बोल.”

तो कडेला सरकला. आणखी सरकला. एक पाय पलंगाबाहेर लोंबला.

“शशिधर!”

“जागा पुरंना की,” तो म्हणाला. ही भाषा तो आमच्यासमोर कधी बोलला नव्हता.

मग त्यानं पायथ्याची चादर ओढली आणि भिंतीकडच्या मोकळ्या बाजूवर अलगद पसरली. कडा नीट खोचल्या.

शालूबाईनं माझा दंड धरला.

त्या बाजूला चादर गादीला टेकली नव्हती.